हार्टवूडची माती: मैलागाळातून आलेलं प्लास्टिक पंचवीस वर्षांनी कुठे आहे?

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या पूर्वेला, नॉर्थ लॅनर्कशायर भागात हार्टवूड नावाचं एक संशोधन-शेत आहे. तिथल्या काही वाफ्यांत १९९४ ते १९९७ अशी सलग चार वर्षं सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातला मैलागाळ मिसळला गेला. मग गाळ घालणं थांबलं, पण मातीवरची नजर हटली नाही. वाफ्यांतून माती काढायची, वाळवायची, चाळायची आणि जपून ठेवायची, असं करत २०१९ पर्यंतचे नमुने साठत गेले.

हा सगळा खटाटोप जस्त, तांबं आणि कॅडमियम या धातूंसाठी होता. प्रयोगाच्या आराखड्यात प्लास्टिक नव्हतंच. मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण आणि तंतू, हा शब्दच मुळी रूढ झाला २००४ मध्ये, प्लिमथ विद्यापीठातल्या रिचर्ड थॉम्पसन यांच्या शोधनिबंधानंतर, आणि तोही समुद्राबद्दल होता. हार्टवूडच्या वाफ्यांत शेवटचा गाळ पडून तेव्हा सात वर्षं झाली होती.

जेम्स हटन इन्स्टिट्यूट आणि ॲबर्डीनची रॉबर्ट गॉर्डन युनिव्हर्सिटी इथल्या संशोधकांनी ही जपलेली माती पुन्हा बाहेर काढली. या वेळी धातूंऐवजी त्यांनी प्लास्टिकचे कण मोजले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दोन वाक्यांत सांगता येतो. चार वर्षांच्या गाळाने मातीतल्या मायक्रोप्लास्टिक कणांची संख्या ७२३ ते १४४५ टक्क्यांनी वाढली. गाळ बंद झाल्यावरच्या २२ वर्षांत ती जवळपास तिथेच राहिली.

बातम्यांत पहिलं वाक्य गाजलं, कारण आकडा मोठा आहे. मला दुसरं वाक्य जास्त अस्वस्थ करतं. शेतात पडलेली बहुतेक घाण काळाबरोबर कमी होते, असं आपण धरून चालतो. शेणखत कुजतं, बरीचशी कीटकनाशकं विघटित होतात, नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं. इथे बावीस वर्षांचा पाऊस, गवत आणि गांडुळं यांनी मिळून आकडा लक्षात येण्याएवढाही खाली आणला नाही. हे कसं झालं, आणि या आकड्यावर किती विसंबावं, ते पाहू.

गाळ समुद्रातून शेताकडे

ग्लासगो शहराचा मैलागाळ १९०४ पासून जहाजात भरून क्लाइडच्या खाडीत, गॅरॉक हेडजवळ समुद्रात सोडला जात असे. एडिनबर्गच्या गाळासाठीही वेगळं जहाज होतं. १९९१ च्या युरोपीय शहरी सांडपाणी निर्देशाने ही पद्धत १९९८ च्या अखेरीपर्यंत बंद करायला सांगितलं. समुद्राच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण माणसं मैला निर्माण करायची थांबत नाहीत, आणि पाणी जितकं जास्त शुद्ध करावं तितका जास्त गाळ मागे उरतो. तो जमिनीत पुरा, जाळा किंवा शेतात घाला, एवढेच रस्ते उरले होते.

शेताचा रस्ता निवडण्यामागे चांगली कारणं होती, आजही आहेत. गाळात नत्र असतो, सेंद्रिय पदार्थ असतात आणि मुख्य म्हणजे स्फुरद असतो. रासायनिक खतांसाठी लागणारा स्फुरद खाणीतल्या दगडातून येतो आणि त्या खाणी जगात मोजक्याच ठिकाणी आहेत. धान्याबरोबर शेतातून शहरात गेलेला स्फुरद परत शेतात यावा, हा विचार शेतीच्या दृष्टीने अगदी सरळ आहे. मैलागाळ वापरणाऱ्या शेतकऱ्याला निष्काळजी ठरवणं मला पटत नाही. नियमांत बसणारं, जमिनीला कस देणारं खत तो घेतो.

नियम होते धातूंचे. १९८६ च्या युरोपीय निर्देशात गाळ घातलेल्या मातीसाठी मर्यादा दिल्या आहेत: एक किलो कोरड्या मातीत जस्त १५० ते ३०० मिलिग्रॅम, तांबं ५० ते १४०, कॅडमियम १ ते ३, आणि शिवाय निकेल, शिसं, पारा. ब्रिटनने १९८९ मध्ये त्यावरून स्वतःचे नियम केले. या मर्यादा हवेतून आल्या नव्हत्या. इंग्लंडमध्ये वोबर्न इथे १९४२ ते १९६१ या काळात मैलागाळ घातलेल्या जमिनीत, गाळ थांबून वीसेक वर्षं उलटल्यावरही धातू वरच्या थरात टिकून असल्याचं आढळलं होतं. तिथल्या पांढऱ्या क्लोव्हर या चाऱ्याच्या शेंगवर्गीय वनस्पतीच्या मुळांवरचे नत्र स्थिर करणारे जिवाणूही निकामी झाले होते. म्हणून १९९४ मध्ये ब्रिटनभर नऊ ठिकाणी दीर्घ मुदतीचे प्रयोग मांडले गेले. धातूंच्या मर्यादा पुरेशा आहेत का, मातीतले सूक्ष्मजीव किती सोसतात, हे त्यातून पाहायचं होतं. हार्टवूड त्या नऊपैकी एक.

म्हणजे गाळातून येणारी आणि जमिनीतून न जाणारी गोष्ट ही मृदाशास्त्राला नवी नव्हती. फक्त त्या यादीत प्लास्टिकचं नाव नव्हतं.

कपड्यापासून वाफ्यापर्यंत

गाळात प्लास्टिक येतं कुठून? बरंचसं कपडे धुण्यातून. थॉम्पसन आणि इमोजेन नॅपर यांनी २०१६ मध्ये मोजलं, की ॲक्रिलिकच्या सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात. पॉलिएस्टरच्या तेवढ्याच कपड्यांतून सुमारे पाच लाख. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत आणि मशीनच्या पाण्याबरोबर गटारात जातात. त्यात टायरची झीज, रंगाचे पापुद्रे, पिशव्यांचे तुकडे मिसळतात.

सांडपाणी केंद्र या कणांना फार चांगलं अडवतं, आणि अडचण तिथूनच सुरू होते. ग्लासगोजवळ क्लाइड नदीकाठच्या एका केंद्राचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेसहा लाख लोकसंख्येचं सांडपाणी तिथे येतं. आत येणाऱ्या एका लिटर पाण्यात सरासरी १५.७ कण होते, बाहेर पडणाऱ्या पाण्यात ०.२५. म्हणजे ९८ टक्क्यांहून अधिक कण पाण्यातून निघाले. तरीही दिवसाला साडेसहा कोटी कण नदीत जातच होते, आणि मथळा त्याचाच झाला. उरलेले ९८ टक्के कुठे गेले, हा प्रश्न शेतीवाल्यांनी विचारायला हवा होता. काही वरच्या तेलकट तवंगाबरोबर निघाले, काही वाळूबरोबर, बाकीचे गाळात बसले.

वेल्समध्ये न्यूपोर्टच्या नॅश केंद्रावर कार्डिफ आणि मँचेस्टर विद्यापीठांनी २०२२ मध्ये हेच उलट टोकाकडून तपासलं. तिथे १ ते ५ मिलिमीटर आकाराचे सुमारे ६५ कोटी कण रोज आत येत होते आणि ते सगळे गाळात उतरत होते. एका ग्रॅम गाळात साधारण २४ कण निघाले, आणि काही नमुन्यांत वजनाने जवळपास १ टक्का प्लास्टिक भरलं. गाळ नंतर बंद टाकीत कुजवला जातो, त्यातून वायू मिळतो, दुर्गंधी आणि रोगजंतू कमी होतात. पण पॉलिएस्टरचा तंतू त्या टाकीतल्या जिवाणूंना खाता येत नाही. सेंद्रिय भाग कुजून घटतो, प्लास्टिक तसंच राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं.

मातीतून प्लास्टिक वेगळं काढणं

आकडे वाचण्याआधी ते कसे निघतात ते समजून घ्यावं लागतं. या विषयातले निम्मे गैरसमज इथून सुरू होतात.

समुद्राच्या पाण्यातून जाळी फिरवली की कण जाळीत येतात. माती तसं करू देत नाही. ढेकळात, ह्युमसमध्ये, मुळांच्या जाळ्यात तंतू गुंतलेला असतो. मग घनतेचा आधार घ्यायचा. पाण्याची घनता १ धरली, तर मातीतल्या खनिज कणांची घनता साधारण २.६५. पॉलिथिलीन पाण्यापेक्षाही हलकं, नायलॉन १.१४ च्या आसपास, आणि बाटल्यांत व कपड्यांत वापरलं जाणारं पॉलिएस्टर १.३८ च्या आसपास. माती दाट द्रावणात ढवळली की खनिज तळाला बसतं आणि प्लास्टिक तरंगतं.

द्रावण कोणतं, यावर सगळं अवलंबून. साधं मीठ स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, पण संपृक्त मीठपाण्याची घनता १.२ च्या पलीकडे जात नाही. त्यात पॉलिथिलीन वर येतं, नायलॉन येतं, पॉलिएस्टर मात्र मातीबरोबर तळाशी राहतं. कपड्यांचा तंतू गाळात सर्वांत जास्त, आणि मिठाच्या पाण्याला तोच सापडत नाही. झिंक क्लोराइड किंवा सोडियम आयोडाइडचं द्रावण वापरलं तर तो वर येतो. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया परिसरातल्या शेतांचा २०२० चा अभ्यास याचं चांगलं उदाहरण आहे. हलकं आणि जड प्लास्टिक तिथे वेगवेगळं मोजलं. एक किलो गाळात हलके कण सरासरी १८ हजार निघाले आणि जड कण ३२ हजार. फक्त मीठ वापरलं असतं तर मोठा वाटा दिसलाच नसता.

तरंगून आलेल्या गाळसाळीत कुजलेली मुळं, बिया, कीटकांची कवचंही असतात. ती हायड्रोजन पेरॉक्साइडने जाळावी लागतात, आणि तेही बेताने, नाहीतर नायलॉनसारखं प्लास्टिकही खराब होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी, आणि शंका असलेल्या कणांवर अवरक्त किरणांची चाचणी. तपासणाऱ्याच्या स्वतःच्या स्वेटरचा तंतू नमुन्यात पडण्याची भीती सतत असते. म्हणून सुती ॲप्रन, झाकलेली भांडी, आणि मातीच नसलेला एक कोरा नमुना शेजारी ठेवून त्यात किती तंतू पडले ते मोजायचं.

जुन्या, साठवलेल्या मातीबाबत तर आणखी एक प्रश्न उभा राहतो: १९९४ मध्ये माती गोळा करणाऱ्यांना प्लास्टिक टाळायचं कारणच नव्हतं. नमुना कशात ठेवला, कुठल्या चाळणीतून गेला, हे सगळं हिशेबात धरावं लागतं. माझ्या मते अशा अभ्यासाचा खरा आधार एकाच ठिकाणच्या, एकाच पद्धतीने हाताळलेल्या नमुन्यांची आपापसातली तुलना हा आहे. हार्टवूडचा आकडा दुसऱ्या देशातल्या शेताच्या आकड्याशेजारी ठेवून कोण जास्त प्रदूषित ते ठरवणं चुकीचं. १९९४ चं हार्टवूड आणि १९९७ चं हार्टवूड शेजारी ठेवणं मात्र योग्य.

७२३ टक्के म्हणजे किती?

टक्केवारीने माणूस दचकतो, म्हणून तिचं साधं रूप सांगतो. ७२३ टक्के वाढ म्हणजे मूळ संख्येच्या सव्वाआठ पट. १४४५ टक्के वाढ म्हणजे जवळपास साडेपंधरा पट. मूळ संख्या लहान असली की पट मोठी दिसते, हे खरं. पण मूळ संख्या शून्य नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं. गाळ न घातलेल्या शेतातही प्लास्टिक सापडतं. व्हॅलेन्सियाच्या त्या अभ्यासात गाळ कधीच न मिळालेल्या मातीत किलोमागे हलके ९३० आणि जड ११०० कण होते. गाळ मिळालेल्या मातीत हे आकडे २१३० आणि ३०६० झाले. हवेतून पडणारी धूळ, आच्छादनाचे प्लास्टिक कागद, सिंचनाचं पाणी यांचाही वाटा असतो. गाळ हा एकमेव दरवाजा नाही, पण फार रुंद दरवाजा आहे.

हे पारखून पाहायला एक हिशेब स्वतः करून पाहावा असा आहे. चिलीमध्ये मेलिपिया भागातल्या ३१ शेतांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. दहा वर्षांत कोणत्या शेताला किती वेळा गाळ मिळाला याच्या नोंदी तिथे होत्या, आणि दर खेपेला हेक्टरी ४० टन कोरडा गाळ पडत होता. एका ग्रॅम गाळात मध्यक ३४ कण. ४० टन म्हणजे ४ कोटी ग्रॅम, तेव्हा एका खेपेला हेक्टरी १३६ कोटी कण, दर चौरस मीटरला १ लाख ३६ हजार. आता नांगरटीचा थर २० सेंटिमीटर आणि मातीचं वजन घनसेंटिमीटरला १.३ ग्रॅम धरलं, तर हेक्टरी माती २६०० टन होते. तिच्यात १३६ कोटी कण समान मिसळले तर एका ग्रॅमला ०.५२ कण वाढले पाहिजेत. आणखी चार खेपांना साधारण २.१.

प्रत्यक्षात काय सापडलं? एकदा गाळ मिळालेल्या शेतात ग्रॅममागे १.१ कण, पाच वेळा मिळालेल्या शेतात ३.५. फरक २.४. खोली आणि घनतेचे आकडे मी अंदाजाने घेतले आहेत, तेव्हा एवढ्या जवळ उत्तर येण्यात थोडा योगायोगही असेल. पण मोठं चित्र स्पष्ट आहे: जितकं घातलं, जवळपास तितकं तिथे आहे. दरम्यानच्या वर्षांत फारसं कुठे गेलेलं दिसत नाही. मातीत सापडलेल्या कणांपैकी ९७ टक्के तंतू होते.

चिलीच्या आकड्यांत दिसणारी गोष्ट हार्टवूडने काळाच्या लांब पट्ट्यावर दाखवली. एक अभ्यास शेता-शेतांची तुलना करतो, दुसरा एकाच शेताकडे परत परत जातो. दोघांचं बोट एकीकडेच जातं.

बावीस वर्षं तिथेच, पण कोणत्या अर्थाने?

इथे मला थोडं थांबायचं आहे. “संख्या बदलली नाही” या वाक्याचे किमान दोन अर्थ होतात.

पहिला अर्थ सरळ. कण आले आणि राहिले. प्लास्टिकला मोडणारी मुख्य शक्ती म्हणजे उन्हातले अतिनील किरण, आणि ते मातीत काही मिलिमीटरच्या खाली पोहोचत नाहीत. समुद्रावर तरंगणारा तुकडा ऊन, लाटा आणि मीठ यांच्या माऱ्यात असतो. जमिनीत गाडलेला तंतू अंधारात, थंडाव्यात, मातीच्या कणांनी लपेटलेला असतो. स्कॉटलंडच्या थंड हवेत तर सूक्ष्मजीवांचा वेगही मंद.

दुसरा अर्थ गुंतागुंतीचा. मोजणी होते ती कणांच्या संख्येची, वजनाची नव्हे. एक तंतू तुटून त्याचे दोन झाले तर संख्या वाढते. एक कण वाहून गेला, खाली झिरपला किंवा गांडुळाच्या बिळातून खोल गेला तर ती कमी होते. कण तुटत तुटत इतका बारीक झाला की सूक्ष्मदर्शकाला दिसेना, तरीही ती कमीच होते. या सगळ्या घडामोडी एकमेकींना तोलत असतील, तर आकडा स्थिर दिसेल आणि आत मात्र बरंच काही चालू असेल. गांडुळं प्लास्टिकचे कण खाली नेतात हे प्रयोगांतून दिसलेलं आहेच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अर्थांचा परिणाम एकच: वाट पाहून जमीन आपोआप साफ होत नाही. पण नदी, भूजल आणि पिकाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. कण राहत असतील तर जमीन ही तिजोरी आहे. तुटून निसटत असतील तर ती संथ गळणारा नळ आहे, आणि निसटतात ते सर्वांत बारीक कण, जे मोजायला सर्वांत अवघड. पुढच्या अभ्यासांनी संख्येबरोबर वजन आणि खोलीनुसार विभागणी मोजलीच पाहिजे. केवळ वरच्या थरातली संख्या यापुढे पुरेशी नाही.

जमिनीला काय होतं?

घाबरवणारी उत्तरं सहज मिळतात, पण ती नीट तपासून घ्यायला हवीत. गांडुळांवरच्या २०१६ च्या गाजलेल्या प्रयोगात मृत्यू वाढले आणि वाढ खुंटली ते पालापाचोळ्यात २८ टक्के किंवा त्याहून जास्त पॉलिथिलीन मिसळल्यावर. गाळात जास्तीत जास्त १ टक्का प्लास्टिक धरलं आणि वरच्याच हिशेबाने हेक्टरी ४० टन गाळ घातला, तर ४०० किलो प्लास्टिक २६०० टन मातीत जातं. म्हणजे ०.०१५ टक्के. अठ्ठावीस टक्क्यांशी त्याची तुलनाच होत नाही, आणि अशा प्रयोगावरून शेतातली गांडुळं मरताहेत असं म्हणणं बरोबर नाही.

पण लगेच निर्धास्तही होता येत नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वाळूमिश्रित मातीत पॉलिएस्टरचे तंतू ०.०५ ते ०.४० टक्के प्रमाणात मिसळले. मातीची घनता, पाणी धरण्याची क्षमता आणि पाण्यात टिकणाऱ्या ढेकळांचं प्रमाण बदललं. प्रयोग पाचच आठवड्यांचा होता. आता ०.०१५ टक्क्याच्या चार खेपा केल्या तर ०.०६ टक्के होतात. सर्वांत जास्त प्रदूषित गाळ धरला आहे, हे खरं. तरीही आपण त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला पोहोचतो, आणि हार्टवूड सांगतं त्याप्रमाणे आधीच्या खेपा मधल्या काळात वजा होत नाहीत. शेतात गाळ वीस-तीस वर्षं येत राहिला तर काय, हा खरा प्रश्न आहे.

पिकात प्लास्टिक जातं का, याचंही उत्तर अर्धंच मिळालं आहे. २०२० मध्ये चिनी संशोधकांनी गहू आणि लेट्यूसच्या मुळांत, बाजूची मुळं फुटतात तिथल्या भेगांतून, ०.२ मायक्रोमीटरचे आणि काही २ मायक्रोमीटरचे मणी शिरताना दाखवले. गाळातले मोजले जाणारे तंतू यापेक्षा कितीतरी मोठे असतात. ते मुळात शिरणार नाहीत. ते तुटून होणारे कण शिरू शकतात, आणि म्हणूनच वरची “गळणाऱ्या नळा”ची शंका महत्त्वाची.

निर्णय कुणी काय घ्यायचा?

स्वित्झर्लंडने शेतात मैलागाळ घालणं २००६ पासून पूर्ण बंद केलं, तेही प्लास्टिकची चर्चा एवढी नसताना, इतर प्रदूषकांच्या भीतीने. जर्मनीने २०१७ च्या नियमांत मोठ्या केंद्रांना २०२९ पासून आणि मध्यम केंद्रांना २०३२ पासून गाळातला स्फुरद वेगळा काढणं बंधनकारक केलं. गाळ जाळायचा आणि राखेतून स्फुरद परत मिळवायचा, हा त्यातला मुख्य मार्ग. जाळताना प्लास्टिकही जातं. नत्र आणि सेंद्रिय पदार्थ मात्र कायमचे हातचे जातात, आणि असा कारखाना लहान गावाला परवडत नाही.

मला तडकाफडकी बंदी सगळीकडे योग्य वाटत नाही. गाळ शेतात नको म्हटलं की तो कुठेतरी जातोच, आणि समुद्राचा अनुभव घेऊन झालेला आहे. पण आजच्या स्थितीचं समर्थनही करता येत नाही. १९८६ च्या निर्देशात धातूंची मर्यादा आहे, प्लास्टिकची नाही. धातूंच्या बाबतीत जमीन भरत आली की थांबायचं, हे तत्त्व चाळीस वर्षांपासून मान्य आहे. हार्टवूडने दाखवलं की त्याच गाळातली दुसरी एक गोष्टही तशीच साठते. मग तिच्यासाठी तेच तत्त्व का नको? प्रत्येक खेपेला गाळातलं प्लास्टिक मोजावं, शेताच्या नोंदवहीत धातूंशेजारी त्याची बेरीज ठेवावी. सुरुवातीला मर्यादा ठरवता आली नाही तरी बेरीज ठेवता येईल.

उगमाकडचा उपाय सर्वांत स्वस्त. सौंदर्यप्रसाधनांतल्या प्लास्टिकच्या मण्यांवर ब्रिटनने २०१८ मध्ये बंदी घातली, ते बरं झालं, पण गाळात मुख्य भरणा तंतूंचा. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या वॉशिंग मशीनला तंतू अडवणारी गाळणी असावी अशी तरतूद केली. इथे एक साधी गोष्ट सांगायलाच हवी: त्या गाळणीत अडकलेला लगदा नळाखाली धुतला तर तंतू त्याच गटारातून त्याच केंद्रात आणि त्याच गाळात जातात. तो सुकवून कचऱ्यात टाकायचा असतो.

आणि ज्या शेतात गाळ पहिल्यांदाच पडणार आहे, तिथे त्याआधी मातीचा एक नमुना काढून ठेवावा, काचेच्या बरणीत, धातूच्या झाकणाने बंद करून, तारीख आणि खोली लिहून. हार्टवूडचा निष्कर्ष निघू शकला तो गाळ पडण्याआधीची माती कुणीतरी फेकून दिली नाही म्हणून. त्या मातीचा प्रत्येक तपासणीला काही ग्रॅमचा बळी जातो. पेरॉक्साइडमध्ये गेलेला नमुना परत शेल्फवर येत नाही. मैलागाळातून येणाऱ्या इतर टिकाऊ रसायनांसाठीही हीच माती लागणार आहे, आणि सूक्ष्मदर्शकाला आज न दिसणारे कण मोजता येऊ लागतील तेव्हाही हीच. त्या शेल्फवर १९९४ चं किती उरलं आहे, याची काळजी तिथल्या संशोधकांना आत्ताच करावी लागते.